पंक्चरोत्सुक

गाडी घ्यायला गेलेला माणूस ती किती पळते विचारतो, किती देते विचारतो, अगदीच वरच्या थरातला असेल तर आतल्या चामड्याचा रंग विचारतो. अप्पांनी शोरूममध्ये शिरल्या शिरल्या विचारलं, "हिची स्टेपनी कुठं असते?"

समोर पोर्श ९११ कॅरेरा एस उभी होती. शोरूममधल्या मुलाने ४५० अश्वशक्ती, चार सेकंदांच्या आत शंभरचा वेग, ताशी ३०८ किलोमीटरपर्यंत मजल, एवढं पाठ करून ठेवलं होतं. स्टेपनीचा धडा त्याने ऑप्शनला टाकला असावा. तो चाचरत म्हणाला, "सर, हिला स्टेपनी येत नाही."

"वेगळी घ्यावी लागते?"

"नाही सर, नसतेच. पंक्चर झालं तर एक किट असतं."

एवढे कोटी मोजायचे आणि पाचवं चाक नाही म्हटल्यावर दुसरं कुणीही बिचकलं असतं. अप्पांचा चेहरा मात्र उजळला. तसं तेज त्यांच्या तोंडावर साखरपुड्यातसुद्धा आलं नव्हतं, असं त्यांच्या पत्नी माई सांगतात. अप्पांनी तिथल्या तिथे सही ठोकली. गाडी त्यांना आवडली होतीच. पण तिच्यात एक कायमची, अधिकृत, पुस्तकात छापलेली अडचण आहे हे कळल्यावर ती आपल्यासाठीच जन्माला आली आहे याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

अप्पा कोथरूडला आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. तीस वर्षं त्यांनी भोसरीच्या एमआयडीसीत नट-बोल्टचा कारखाना चालवला. कारखान्यात जनरेटर होता, आणि तो बंद पडला तर म्हणून दुसरा जनरेटर होता. आगीसाठी वाळूने भरलेल्या लाल बादल्यांची रांग होती. तीस वर्षांत आग लागली नाही, संप झाला नाही, पूर भोसरीपर्यंत पोचला नाही. "आमचं नशीबच नाही," अप्पा म्हणतात. कारखाना विकला तेव्हा बादल्या घरी आल्या आणि माईंनी त्यांत गवती चहा लावला. मुलाच्या लग्नात अप्पांनी दोन भटजी सांगितले होते, एकाचा घसा बसला तर पंचाईत नको म्हणून. दोघेही खणखणीत निघाले आणि एकमेकांच्या चुका काढत त्यांनी मुहूर्त घालवला.

आता हा माणूस घाबरट असेल असं कुणाला वाटेल. तसं अजिबात नाही. घाबरट माणूस संकट टळावं म्हणून मारुतीला नारळ बोलतो. अप्पा तयारी पुरी करतात, संकटासाठी दार उघडं ठेवतात, आणि ते आलं नाही की रुसतात. साठी उलटली तरी एकही धड संकट वाट्याला न आल्याने ते आतून खचत चालले होते. अशा वेळी ही बिनस्टेपनीची गाडी घरात आली.

पार्किंगमध्ये कुणी गाडी बघायला थांबलं की अप्पा पुढचं झाकण उघडतात. बघणाऱ्याला इंजिनाची हौस असते. इंजिन मागे, पुढे १३२ लिटरची डिकी. "यात स्टेपनी बसेल? सांगा बघू." समोरचा गोंधळतो. मग मापं सुरू होतात. पुढचा टायर २४५ मिलिमीटर रुंद आणि रिम २० इंची. मागचा ३०५ मिलिमीटर आणि रिम २१ इंची. "म्हणजे पुढचं चाक मागे चालत नाही आणि मागचं पुढे चालत नाही. खरीखुरी सोय करायची तर एक नव्हे, दोन स्टेपन्या पाहिजेत!" मागच्या टायरची, रिमपासून जमिनीपर्यंतची उंची जेमतेम नऊ सेंटिमीटर. "एवढंसं रबर, आणि खाली आपले रस्ते!" 'आपले रस्ते' हे दोन शब्द अप्पा ज्या मायेने उच्चारतात, तसे पुण्यात कुणी उच्चारत नसेल.

ऐकणारा अजून उभाच असला तर इतिहास येतो. १८९५ साली मिशेलिन बंधू हवेच्या टायरांची मोटार घेऊन पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत उतरले. वाटेत इतकी पंक्चरं झाली की सोबतच्या ट्यूबा पुरल्या नाहीत. ठरल्या वेळेत पोचले नाहीत. "पण पोचले!" अप्पा बोट वर करतात. मग १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी हवा भरलेलं जादा चाक सोबत न्यायची सोय काढली, आणि अप्पांच्या मते माणसाचं चारित्र्य तिथून ढिलं पडलं. आयतं चाक मिळायला लागलं.

गाडीच्या कप्प्यात एक सरकारी कागद असतो. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती उरली नाही. त्या अधिसूचनेची प्रत अप्पांनी लॅमिनेट करून ठेवली आहे. एखादा हवालदार शिट्टी मारून "स्टेपनी दाखवा" म्हणेल आणि आपण तो कागद शांतपणे त्याच्या हातात देऊ, हे त्यांचं एक साधं स्वप्न आहे. हवालदार शिट्टी मारतात. पण त्यांना गाडीसोबत फोटो काढायचा असतो.

किट म्हणजे सीलंटची बाटली आणि एक छोटा कॉम्प्रेसर. बाटलीतला चीक टायरात सोडायचा, हवा भरायची, आणि ताशी ऐंशीच्या आत राहून जवळचं गॅरेज गाठायचं. अप्पांनी बाटली हातात घेतली, तिच्यावरची मुदत वाचली आणि म्हणाले, "ही झाली सुरुवात."

पुढचे सहा महिने सोसायटीच्या गेटवर खोकी येत होती. बुटका जॅक, कारण गाडीचं पोट जमिनीला एवढं जवळ की साधा जॅक खाली जातच नाही. जॅक आणि गाडीच्या मध्ये धरायचा रबरी गोळा. बुटका जॅकही शिरला नाही तर गाडी आधी वर चढवायला दोन फळ्या; घरातल्या सागवानी पलंगाच्या. चाकामागे लावायला ठोकळे, कारण वाटेतला दगड उचलून लावणं हे अप्पांना रानटीपणाचं वाटतं. रबरी वाती, त्या आत ढकलायचा टोच्या, भोक साफ करायची कानस, साबणाचं पाणी भरलेली फवारणीची बाटली. कपाळाला बांधायचा दिवा. गुडघ्याखाली घ्यायची उशी. चमकणारं जाकीट, लाल त्रिकोण आणि त्रिकोण वाऱ्याने पडू नये म्हणून वाळूची पिशवी. वाळू भोसरीच्या बादल्यांतली. हवा मोजायचे मीटर तीन: एक डिजिटल, एक काट्याचा, आणि दोघांत मतभेद झाले तर निवाडा करायला तिसरा. एवढं सगळं १३२ लिटरमध्ये बसवून झाकण लागलं तेव्हा अप्पांनी पेढे वाटले. माईंनी विचारलं, "माझी बॅग?" अप्पांनी पुन्हा एकदा मापं घेतल्याचा आव आणला.

खंडेनवमीला या सगळ्याची सतरंजीवर मांडामांड होते. जॅकला हळदकुंकू, टॉर्क पान्याला झेंडूची माळ. या पान्यावर अप्पांचा विशेष जीव. बोल्ट १६० न्यूटन-मीटरला आवळला की तो 'टक्' करतो. तीस वर्षं नट-बोल्टमध्ये काढलेल्या माणसाच्या कानाला त्या टक्ची गोडी काय असते ते आपल्याला कळणार नाही. गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवायची ठरली तेव्हा मात्र अप्पांनी चारही लिंबं आधी चाचपून पाहिली.

रविवारी सकाळी सात वाजता सराव. वॉचमनच्या हातात मोबाइलचं घड्याळ. अप्पा गाडीत बसतात, स्वतःशीच "फस्स" म्हणतात आणि उतरतात. जाकीट, त्रिकोण, ठोकळे. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट ढिले करायचे, मग जॅक. प्रत्येक चाकाचा एक बोल्ट चोरी होऊ नये म्हणून वेगळ्या खाचेचा, त्याची किल्ली अप्पांच्या गळ्यात जानव्याशेजारी. या गाडीला नट नसतात, बोल्टच हबात फिरवायचे असतात; त्यामुळे शेवटचा बोल्ट निघाला की भलंथोरलं चाक पायावर येऊ शकतं. त्यासाठी एका भोकात आधी लांब खुंटी फिरवायची आणि चाक तिच्यावर तोलायचं. हे सगळं ते वॉचमनला दर रविवारी नव्याने समजावतात. वॉचमन बिहारचा. सुरुवातीला त्याला वाटायचं, साहेबांची गाडी दर रविवारी खरंच पंक्चर होते, तो हळहळायचा.

सरावात 'गाडीतल्या घाबरलेल्या बाई' अशी एक भूमिका आहे. ती माईंसाठी राखीव होती. त्यांनी पहिल्याच रविवारी राजीनामा दिला. "मी घाबरत नाही हो. मी रिक्षा करते."

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. अप्पांनी कुठूनतरी एक सडपातळ तात्पुरतं चाक पैदा केलं आणि मागच्या नावापुरत्या दोन सीटांवर पट्ट्याने बांधलं. समजा मागचा टायर पंक्चर झाला. तात्पुरतं चाक लावलं. आता निघालेलं मोठं चाक कुठं ठेवायचं? पुढच्या डिकीत अवजारं. मागच्या सीटांवर ते बसत नाही. ७१ सेंटिमीटरहून अधिक व्यास. उरली चालकाशेजारची सीट.

"आणि मी?" माईंनी विचारलं.

पुष्कळ वेळ कुणी बोललं नाही. मग अप्पा म्हणाले, "अगं, पंक्चर झालं तरच."

त्यातून मग महाबळेश्वरच्या सहलीला पोर्शच्या मागे वॅगन-आर निघाली. वॅगन-आरमध्ये ड्रायव्हर, माई, माईंची बॅग, घावन-चटणीचा डबा, आणि 'निघालेल्या चाकासाठी' रिकामी ठेवलेली डिकी. पुढे अप्पा एकटे, ताशी सत्तरने, रस्त्यावर टोकदार काही दिसतंय का बघत. त्यांना मागून ट्रक हॉर्न देत होते. खंबाटकी घाटात एका एसटीने त्यांना मागे टाकलं आणि शेवटच्या बाकावरच्या पोरांनी हात हलवले. सुरूर फाट्याच्या अलीकडे पंक्चर झालं. वॅगन-आरचं.

ड्रायव्हरने सवयीने स्टेपनी काढायला हात घातला. अप्पा ओरडले, "खबरदार!" जाकीट चढलं, त्रिकोण रोवला गेला, कपाळावर भर दुपारी दिवा लागला. साबणाचं पाणी, बुडबुडे, कानस, वात, हवा, तिन्ही मीटर. माई झाडाखाली बसून घावन खात होत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, "चाळीस वर्षांच्या संसारात एवढे आनंदात पहिल्यांदा बघितले. मी म्हटलं, बघू दे." वाईला पोचेपर्यंत अप्पा आरशात वॅगन-आरच्याच टायरकडे बघत होते. पसरणीच्या घाटात तर त्यांनी दोनदा गाडी थांबवून वात तपासली.

त्या दिवसापासून अप्पांना वाट सापडली. आपलं पंक्चर होत नाही ना, मग दुसऱ्याचं. मुळशी रोड, ताम्हिणी, लोणावळा, सुटीच्या दिवशी कुठेही रस्त्याकडेला गाडी उभी दिसली की मागून गुरगुरत एक पोर्श येऊन थांबते, हातमोजे घातलेले एक वयस्कर गृहस्थ खाली उतरतात आणि आशेने विचारतात, "पंक्चर?" बहुतेक लोक कणीस खात असतात. काही जोडपी भलत्याच कारणासाठी थांबलेली असतात आणि त्यांना हा पोलिसांचा नवा प्रकार वाटतो. क्वचित एखाद्या अल्टोचा टायर खरंच बसलेला असतो. मग त्या कुटुंबाच्या आयुष्यात एक दंतकथा निर्माण होते: आम्हाला पोर्शवाल्याने पंक्चर काढून दिलं, पैसे घेतले नाहीत, वर टायरची झीज बघून ओरडला. हायवेवरच्या पंक्चरवाल्यांचं यावर काय मत आहे ते कुणी विचारलेलं नाही.

आणि मग श्रावणात एका सकाळी, कुठेही न जाता, पार्किंगमध्ये उभ्या उभ्या अप्पांच्या गाडीच्या पडद्यावर इशारा उमटला. मागच्या डाव्या चाकात हवा कमी.

अप्पांनी मला खाली बोलावलं तेव्हा ते चाकासमोर उकिडवे बसले होते. टायरच्या मधोमध एक स्क्रू शिरला होता, पत्र्याच्या शेडला मारतात तसला. बाजूला सारी अवजारं मांडलेली. पण हात काही चालत नव्हता.

"अप्पा, काढा की."

"कसं काढू?" त्यांचा आवाज कापरा होता. सीलंट सोडावं, तर आतून टायर चिकाने माखणार, मग वात नीट बसत नाही आणि गॅरेजवाला शिव्या घालतो. वात घालावी, तर टायरवर कंसात वाय हे अक्षर आहे, म्हणजे ताशी ३०० च्या वरचा वेग. वात घातलेल्या टायरची त्या वेगाला कुणी हमी देत नाही. तात्पुरतं चाक लावावं, तर त्याला ऐंशीची मर्यादा, आणि पार्किंगमधून जायचं तरी कुठं? टोचनवाला बोलवावा, तर उताराची गाडी लागते, तिच्यावर चढताना पुढची हनुवटी घासते, फळ्या लावाव्या लागतात. नवा टायर घ्यावा, तर पोर्शने मान्य केलेला, अंगावर एन हे अक्षर असलेला हवा. आणि मागचा एक बदलला की शेजारचा जोडीदारही बदला. चार पंचांगं उघडावीत आणि प्रत्येकात दुसऱ्याचा मुहूर्त अशुभ निघावा, तशी त्यांची स्थिती झाली होती. प्रत्येक उपायाची जय्यत तयारी होती, आणि प्रत्येक उपाय दुसऱ्याच्या मुळावर उठला होता.

"ताशी तीनशेने कुठं जायचंय तुम्हाला?" मी म्हटलं.

"प्रश्न जायचा नाही," अप्पा दुखावून म्हणाले. एक्स्प्रेस वेवर शंभरची मर्यादा आहे हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ते ऐंशीच्या वर जात नाहीत.

नाक्यावरचा पंक्चरवाला वॉचमनकडून बातमी कळून आपणहून आला. त्याने स्क्रूकडे पाहिलं, थुंकीचा ठिपका लावला, एक बारीक बुडबुडा येताना पाहिला. "साहेब, पाच मिनिटांचं काम आहे."

"स्पीड रेटिंगचं काय?"

"चालवताय कुठं?"

"सध्या चालवत नाही. पंक्चर आहे ना."

पंक्चरवाला माझ्याकडे बघत राहिला. मी खांबाकडे बघत राहिलो.

शेवटी अप्पांनी असं ठरवलं की घाई करायची नाही. स्क्रू आत आहे तोवर हवा हळूहळू जाते. दिवसाला दोन-तीन पाउंड. तेवढी रोज भरायची. सकाळी सहाला ते खाली येतात, तिन्ही मीटर लावतात, वहीत आकडे लिहितात, कॉम्प्रेसर घरघरवतात. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा. पावसाच्या दिवशी कमी जाते, उन्हात जास्त भासते, असे काही निष्कर्ष त्यांनी काढले आहेत. अप्पा अंगानेही सुधारले आहेत. भूक लागते, झोप लागते. कोल्हापूरचं लग्न त्यांनी "घरात पंक्चर आहे" असं सांगून टाळलं, आणि पलीकडच्यांना ते सुतक वाटून त्यांनीही आग्रह केला नाही. मी लिफ्टमध्ये भेटलो की विचारतो, "काय म्हणतंय?" अप्पा म्हणतात, "काल दीडच पाउंड गेली. उतार पडतोय." यावर मला कळवळ्याने मान हलवायची सवय झाली आहे.

माईंनी आडून आडून पंक्चरवाल्याला पैसे देऊन ठेवले होते, पण वॉचमन आता अप्पांच्या बाजूचा आहे. गाडीजवळ कुणी फिरकलं की शिट्टी मारतो.

गेल्या आठवड्यात अप्पा-माई गणपतीला कोकणात निघाले. अर्थात वॅगन-आरने. जायच्या आदल्या रात्री अप्पांनी आमची बेल वाजवली. हातात वही, कॉम्प्रेसर आणि काट्याचा मीटर.

"आठवडाभर मी नाही. सकाळ-संध्याकाळ एवढं बघाल ना?"

मी बरं म्हटलं. कुंड्यांना पाणी घालायला लोक किल्ली देऊन जातातच की. अप्पांनी मला दोनदा सगळं करून दाखवलं, मीटर कसा तिरपा धरू नये ते सांगितलं, डिजिटलवाला का देत नाही त्याची कारणं दिली. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"आणि हे बघा, काही कमी-जास्त वाटलं तर रात्री-अपरात्री फोन करा, मी तसाच निघून येईन. पण कुणी कितीही गळ घातली, तरी पंक्चर काढू नका."